पोटगीचा आकडा न्यायालय कुठून काढते?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे: घटस्फोट झाल्यावर पोटगी किती, ती ठरवते कोण आणि कशावरून. त्यांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत. इंदूरच्या मराठी घरांतही कोर्टाच्या तारखेला 'पेशी' आणि पोटगीला 'भरण-पोषण' म्हणण्याची सवय आहे. पत्रांत हे शब्द जिथे आले तिथे ते तसेच राहू दिले आहेत. उत्तरे मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ याला धरून आहेत. जिथे दुसरा कायदा लागतो तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : माझ्या लग्नाला सोळा वर्षे झाली. पती पीथमपूरच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. दोघेही माझ्याकडे राहतात. लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते, मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडली. दावा आता शेवटच्या टप्प्यात आहे. जो तो सांगतो की पगाराचा चौथा हिस्सा मिळतो. पतींचा एकूण पगार ८८ हजार आहे, पण पगारपत्रकावर हातात येणारी रक्कम ५२ हजारच दिसते. म्हणजे १३ हजारांत मी दोन मुले वाढवायची का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ताई, तो चौथा हिस्सा आधी मनातून काढून टाका. असा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो आला कुठून, तेही सांगते. २०१७ साली पश्चिम बंगालमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या १९७० सालच्या निकालाचा आधार घेऊन असे म्हटले होते की पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीला देणे न्याय्य ठरेल. त्याच निकालात पुढे, पतीने दुसरे लग्न केले आहे आणि त्या संसाराचाही भार त्याच्यावर आहे हे लक्षात घेऊन, उच्च न्यायालयाने ठरवलेले महिना २३ हजार रुपये २० हजारांवर आणले गेले. ज्या निकालातून लोकांनी सूत्र काढले, त्या निकालानेच परिस्थिती पाहून आकडा बदलला होता, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

कायम पोटगीचा आधार हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. ते कलम न्यायालयाला देणाऱ्याचे उत्पन्न व मालमत्ता, मागणाऱ्याचे उत्पन्न व मालमत्ता, दोघांचे वर्तन आणि प्रकरणातील इतर परिस्थिती पाहायला सांगते. या 'इतर परिस्थिती'त काय काय येते, याची सविस्तर मांडणी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात केली. हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेले होते. लग्न किती वर्षे टिकले, दोघांचे वय काय, सासरी राहणीमान कसे होते, पत्नीचे शिक्षण काय आणि आज तिला खरोखर किती मिळते, तिने मुलांसाठी किंवा सासूसासऱ्यांसाठी नोकरी सोडली होती का, पतीवर आणखी कोण अवलंबून आहे, आजारपण किंवा अपंगत्व आहे का, महागाई किती वाढते आहे, हे सगळे न्यायाधीशांनी तोलायचे आहे. लग्न वर्ष-दोन वर्षांतच मोडले असेल तर जन्मभराची पोटगी लादणे न्याय्य ठरेलच असे नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. आपली सोळा वर्षे, दोन मुले आणि सोडलेली शिक्षिकेची नोकरी या तिन्ही गोष्टी आपल्या बाजूने वजनदार आहेत. नोकरी सोडल्याचा कागद, म्हणजे शाळेचे अनुभवपत्र किंवा राजीनाम्याची प्रत, जुन्या फायलीत असेल तर शोधून काढा. मुलीच्या जन्मतारखेशेजारी ती तारीख ठेवली की वेगळे काही सांगावे लागत नाही.

आता पगारपत्रकाकडे वळू. त्यावरच्या कपाती दोन प्रकारच्या असतात आणि न्यायालय त्यांत फरक करते. प्राप्तिकर, वृत्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधीची सक्तीची वर्गणी या टाळता न येणाऱ्या कपाती असल्यामुळे त्या वजा करूनच उत्पन्न धरले जाते. स्वेच्छेने वाढवलेली वर्गणी, पतपेढीचे कर्ज, गाडीचा किंवा फ्लॅटचा हप्ता या मात्र माणसाने स्वतःहून लावून घेतलेल्या कपाती आहेत, आणि त्या दाखवून पोटगी कमी करून घेता येत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. समजा, आपल्या पतींच्या ८८ हजारांतून सक्तीचे ११ हजार जातात, १० हजार त्यांनी भविष्यनिर्वाह निधीत स्वेच्छेने वाढवलेले आहेत आणि १५ हजार फ्लॅटचा हप्ता आहे. तर पोटगीसाठी हिशोब ५२ हजारांचा न होता ७७ हजारांचा होईल. फ्लॅट त्यांच्या नावावर असेल तर त्या हप्त्यातून त्यांचीच मालमत्ता उभी राहते आहे, हेही न्यायालयाला दिसते. मात्र आपण आणि मुले त्याच फ्लॅटमध्ये राहत असाल, तर तो हप्ता तुमच्या निवाऱ्यासाठी भरला जातो आहे असे ते म्हणू शकतात, आणि ते म्हणणे रास्त असेल. अशा वेळी फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क आणि मासिक रक्कम या दोन्ही मागण्या एकत्र मांडाव्यात.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या स्वतःच्या हातात आहे, आणि तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. रजनेश निकालापासून दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते. आपल्याकडे त्याला 'शपथपत्र' म्हणतात. शहरी पक्षकारांसाठी एक नमुना आहे आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा आहे. या नमुन्यातले मासिक खर्चाचे रकाने बहुतेक स्त्रिया वकिलाच्या टेबलावर, शेवटच्या दिवशी, अंदाजाने भरतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने तिथे एवढेच लिहिले होते: घरखर्च ३० हजार. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारले, "३० हजार कशाकशाचे?" त्या गप्प राहिल्या. खर्च खरा होता, कदाचित ३० हून अधिकच होता, पण त्या क्षणी तो कोणाला दिसला नाही. ते प्रतिज्ञापत्र मी भरवून घेतले होते, त्यामुळे ती चूक माझीही होती आणि ती मला अजून टोचते.

त्यानंतर आलेल्या दुसऱ्या एका ताईंनी मुलाची जुनी, अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही आणली होती. समास आखलेला होताच. डाव्या बाजूला तारीख, मधे बाब, उजवीकडे रक्कम. दूध सकाळी एक लिटर आणि संध्याकाळी अर्धा, त्याचा महिन्याचा हिशोब. गॅसचे सिलिंडर कोणत्या तारखेला लावले आणि किती दिवस पुरले. मुलाच्या चष्म्याची काच, सहामाहीची फी, शाळेच्या बसचे पैसे, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. ज्याची पावती होती ती त्या पानाला टाचणीने लावलेली, आणि ज्याची नव्हती तिथे 'पावती नाही' असे स्वच्छ लिहिलेले. सात महिन्यांची वही होती. समोरच्या वकिलांनी ती चाळली, दोन प्रश्न विचारले आणि खर्चाचा विषय सोडून दिला. पावती नाही हे प्रामाणिकपणे लिहिलेल्या चार ओळींमुळे बाकीच्या सगळ्या ओळींवर विश्वास बसला, असे मला वाटते. ताई, आजच अशी एक वही घाला. पेशीला दोन महिने असतील तर दोन महिन्यांचा हिशोबही पुष्कळ उपयोगी पडतो.

मुलांचा खर्च आपल्या पोटगीत मिसळू नका, तो वेगळा मागा. सामान्यतः मुलांच्या शिक्षणाचा भार वडिलांनी उचलायचा आहे. आई चांगली कमावती असेल तर तो प्रमाणात वाटला जातो. मुले आईच्या ताब्यात असतील तर कायम पोटगी ठरवतानाच त्यांच्या लग्नखर्चाची वाजवी तरतूद व्हावी, असेही रजनेश निकालात सांगितले आहे. रक्कम काळाबरोबर वाढत जावी अशी मागणीही अर्जातच करा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिना ५० हजार रुपये कायम पोटगी ठरवून तीत दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ आपोआप होईल असा आदेश दिला. आपली मुलगी महाविद्यालयात जाईल तेव्हा पुन्हा नवा अर्ज करावा लागू नये, यासाठी अशी अट फार मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ५ कोटी आणि दुसऱ्यात १२ कोटी रुपये मंजूर केले. त्या बातम्या वाचून अनेक जणींच्या मनात मोठे आकडे येतात. पण १२ कोटींच्या त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले आहे की पोटगीचा हेतू पत्नीला सन्मानाने जगता यावे हा आहे. पतीची आजची संपत्ती मोजून तिच्या बरोबरीची रक्कम मागता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी एम.कॉम. झालेली आहे. लग्नाआधी ती एका खाजगी कार्यालयात हिशोब पाहत असे. चार वर्षांच्या संसारानंतर ती घरी परत आली आणि सध्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्यांतून महिना ८-९ हजार मिळतात. जावयांच्या वकिलांचे म्हणणे असे की ती शिकलेली आहे, तिच्या वडिलांचे स्वतःचे घर आहे, तेव्हा पोटगी कशाला? आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, शिकवण्यांचे उत्पन्न दाखवूच नका. (एक वडील, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : काका, वडिलांच्या घराचा मुद्दा मुळातच गैरलागू आहे. पत्नीच्या आईवडिलांची सांपत्तिक स्थिती पोटगी ठरवताना पाहायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. आपण मुलीला आधार दिलात म्हणून जावयांची जबाबदारी आपल्याकडे येत नाही.

शिक्षणाचा मुद्दा मात्र इतका सरळ नाही, आणि तो आपल्या प्रदेशाशी जवळून जोडलेला आहे. २००० साली आपल्याच उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने एका उच्चशिक्षित पत्नीच्या प्रकरणात कडक शब्दांत म्हटले होते की कमावण्याची पात्रता असलेल्या जोडीदाराने रिकामे बसून दुसऱ्यावर भार टाकावा यासाठी ही तरतूद नाही. तो निकाल आजही पतींचे वकील हमखास पुढे करतात. त्याच्या बरोबरीने दोन गोष्टी सांगाव्या लागतात. २००७ साली मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' याचा अर्थ अगदी निराधार असा होत नाही. पत्नी थोडेफार कमावत असली तरी सासरी ज्या रीतीने राहत होती तसे राहायला ते पुरते का, हे पाहायचे. आणि २०१७ साली आणखी एका निकालात हेही स्पष्ट केले की कमावण्याची क्षमता असणे आणि प्रत्यक्षात कमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलीने रिकामे न बसता शिकवण्या घेतल्या, नोकरीसाठी अर्ज केले असतील तर त्यांच्या प्रती ठेवल्या, तर जुन्या निकालाची धार तिच्यापुरती उरत नाही.

राहिला उत्पन्न लपवण्याचा सल्ला. तो अजिबात ऐकू नका. शिकवणीची फी आजकाल मोबाइलवरून येते आणि बँकेच्या उताऱ्यात मुलांच्या पालकांची नावे ओळीने दिसतात. एक आकडा खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ८-९ हजारांनी तिचा हक्क जात नाही. ते लपवल्याने मात्र जाऊ शकतो. घटस्फोटाचा दावा चालू असताना मिळणारी अंतरिम पोटगी कलम २४ खाली मागता येते, तीत दाव्याचा खर्चही धरला जातो, आणि शक्यतो नोटीस पोहोचल्यापासून ६० दिवसांत त्या अर्जाचा निकाल लागावा असे कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात इतके लवकर होतेच असे नाही. पण रजनेश निकालानंतर रक्कम अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे पेशी लांबवल्याने देणाऱ्याचे ओझे कमी होत नाही. अर्ज केला नसेल तर या आठवड्यात करा.

प्रश्न : माझे खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान आहे, जागा भाड्याची आहे. महिना २५-३० हजार सुटतात. आई ७४ वर्षांची असून माझ्याकडेच असते. पत्नी खाजगी बँकेत आहे आणि तिला साधारण ६० हजार पगार आहे, मूल नाही. तिने घटस्फोटाच्या दाव्यात महिना ४० हजारांची मागणी केली आहे. पुरुषाचे कोर्टात कोणी ऐकत नाही, असे सगळे म्हणतात. गावी माझ्या नावावर एक खोली आहे, ती भावाच्या नावावर करून टाक, असे एका परिचितांनी सुचवले आहे. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली भीती समजते, पण तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी दुबळी नाही. हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ पतीलाही तितकीच खुली आहेत. पत्नीचे उत्पन्न अधिक असेल आणि पतीला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर तोही पोटगी मागू शकतो. विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली नोंदणी पद्धतीने लग्न झाले असेल तर मात्र हा हक्क पत्नीलाच आहे, आणि दंडाधिकारी किंवा कुटुंब न्यायालय यांच्यापुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १४४ खाली होणारा अर्जही पतीला करता येत नाही. धडधाकट माणसाने दुकान चालत असताना पोटगी मागावी असे मी सुचवणार नाही. न्यायालयालाही ते रुचणार नाही. पण ६० हजार मिळवणाऱ्या आणि मुलांची जबाबदारी नसलेल्या पत्नीला ३० हजार मिळवणाऱ्या पतीने ४० हजार द्यावेत, ही मागणी कागदावर टिकणारी नाही. पत्नी कमावते म्हणून तिचा हक्क आपोआप संपत नाही हे खरे. तरी दोन उत्पन्नांची तुलना न्यायालय करतेच, आणि आईचा सांभाळ ही तुमच्या बाजूची मान्य होणारी जबाबदारी आहे.

हे सिद्ध कशाने होईल? दुकानदाराच्या बाबतीत न्यायालय केवळ प्राप्तिकर विवरणावर विसंबत नाही, कारण त्यातला आकडा पुष्कळदा कमी असतो हे न्यायाधीशांनाही ठाऊक असते. जीएसटीची विवरणे, दुकानाच्या भाड्याचा करार, घाऊक व्यापाऱ्यांची बिले, बँकेतील कॅश क्रेडिटचे खाते, विम्याचे हप्ते, सगळे मागवता येते. बँकेकडे कर्ज मागताना तुम्ही अर्जात वार्षिक उत्पन्न किती लिहिले होते, ते आधी आठवा. कर्जासाठी ९ लाख आणि न्यायालयात ३ लाख असे दोन आकडे एकाच माणसाच्या सहीने निघाले, तर पुढे त्याच्या कोणत्याच म्हणण्याला वजन राहत नाही. असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे आणि त्या माणसाचे खरे उत्पन्न त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी होते, पण ते ऐकून घ्यायला तेव्हा उशीर झाला होता.

गावची खोली भावाच्या नावावर करू नका. दाव्याच्या तोंडावर केलेले असे हस्तांतर न्यायालयाला लगेच दिसते, ज्याला मालमत्ता फुकट मिळाली त्याच्याविरुद्धही पोटगीचा हक्क चालवता येतो, आणि एका खोलीसाठी तुमचा प्रामाणिकपणा संशयात येतो. तुरुंगाविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. कलम १४४ खालचा आदेश पुरेशा कारणाशिवाय पाळला नाही, तर वसुलीचे वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने थकबाकी माफ होत नाही. धंदा खरोखर बसला तर गप्प राहून हप्ता थांबवू नये, रक्कम कमी करण्याचा अर्ज द्यावा.

प्रश्न : आम्ही दोघे परस्परसंमतीने वेगळे होत आहोत. पती म्हणतात, ३४ लाख एकदम घे आणि मुलाच्या वतीनेही सगळे हक्क सोडल्याचे लिहून दे. दर महिन्याला २० हजारांचा पर्यायही आहे. कोणता घ्यावा? (एक वाचक, देवास)

उत्तर : दोन्ही पर्याय कायद्याला मान्य आहेत. दर महिन्याला मागे लागण्याची ज्यांना दगदग नको, किंवा देणाऱ्याची नोकरी भरवशाची नाही, त्यांनी एकरकमी घेणे सोयीचे असते. आपला आकडा जरा तपासून पाहू. ३४ लाख बँकेत ठेवले आणि वर्षाला ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाचे २ लाख ३८ हजार होतात, म्हणजे महिन्याला २० हजारांच्या थोडे आतच, आणि मुद्दल आपल्याकडे राहते. मात्र व्याजाचे दर खालीही येतात आणि महागाई वाढतच असते. शिवाय मासिक पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरून तिच्यावर कर लागतो, तर एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते. हा भाग हिशोबनिसाकडून पाहून घ्या. मुख्य अडचण दुसऱ्या अटीची आहे. मुलाचा निर्वाहाचा हक्क मुलाचा आहे, तो सोडून देण्याचा अधिकार आईला नाही, आणि तसे लिहून दिले तरी पुढे मुलासाठी मागणी करता येते. तडजोडपत्रात त्याच्या शिक्षणाची रक्कम वेगळ्या कलमात, वेगळ्या तारखांसह लिहून घ्या, आणि आपले स्त्रीधन परत मिळाल्याचा किंवा मिळायचे असल्याचा स्पष्ट उल्लेख करा. स्त्रीधन आपलेच असते, ते पोटगीत मोजायचे नाही.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. २००३ साली कोर्टाने मला महिना १५०० रुपये भरण-पोषण लावून दिले. पुढे घटस्फोटही झाला. तेव्हापासून तीच रक्कम मिळते आहे, तीही कधी चार-चार महिने उशिरा. पूर्वीचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत. आता इतक्या वर्षांनी काही मागणे बरे दिसेल का? (एक आजी, रामबाग, इंदूर)

उत्तर : आजी, आपण विचारलेत हे फार बरे झाले. 'बरे दिसेल का' हा विचार मनातून पूर्णपणे काढा. आपल्याच शहरातल्या एका स्त्रीने हाच प्रश्न ओलांडला नसता तर देशातला पोटगीचा कायदा आज आहे तसा नसता. शाहबानो बेगम यांचे लग्न १९३२ साली झाले होते, पती वकील होते, आणि ४३ वर्षांच्या संसारानंतर १९७५ साली त्यांना घराबाहेर काढण्यात आले. १९७८ साली त्यांनी इंदूरच्या न्यायालयात महिना ५०० रुपयांसाठी अर्ज केला. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्यांना महिना २५ रुपये लावून दिले. २५ रुपयांत त्या काळीही एका माणसाचे धान्य-किराणा भागत नव्हते. त्या थांबल्या नाहीत, उच्च न्यायालयात गेल्या आणि १९८० साली ती रक्कम महिना १७९ रुपये २० पैसे झाली. तेवढ्यावरही पती सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी झालेला १९८६ चा वेगळा कायदा आणि त्यावरचा वाद हा मोठा विषय आहे. इथे एवढेच सांगते की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू असलेल्या सामान्य कायद्याखाली पोटगी मागता येते असे पुन्हा स्पष्ट केले.

आता आपले प्रकरण. आपला २००३ चा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा दिसतो. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते कलम आता १४४ झाले, पण जुना आदेश चालूच राहतो. परिस्थिती बदलली असेल तर रक्कम वाढवून मागण्याची सोय नव्या संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. वीस वर्षांहून अधिक काळातली महागाई, आपले वाढलेले वय आणि औषधपाणी, आणि यजमानांचे निवृत्तिवेतन, या सगळ्याचा अर्जात उल्लेख करा. निवृत्तिवेतन हेही उत्पन्नच आहे. घटस्फोट झाला म्हणून हा हक्क जात नाही. घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केले नसेल तोवर ती या कलमासाठी 'पत्नी'च असते. पूर्वी या कलमाखाली ५०० रुपयांहून अधिक देता येत नसे, ती मर्यादा २००१ साली काढली गेली. म्हणून आज कितीही वाजवी रक्कम मागता येते.

उशिरा येणाऱ्या हप्त्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा: थकलेल्या रकमेच्या वसुलीचे वॉरंट हवे असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. चार महिने थकले की थांबू नका. बँकेचे पासबुक भरून आणा, कोणत्या महिन्याचा हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला ते पेन्सिलीने त्याच पानावर लिहा, म्हणजे न्यायाधीशांना तोंडी काही समजावून सांगावे लागणार नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना २००३ च्या आदेशाची प्रमाणित प्रत सोबत घ्या, आणि ती हरवली असेल तर प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष कागदावर लिहून आधी नक्कल विभागात प्रतीसाठी अर्ज द्या.